कायदा न मोडता कातळ फोडण्याची कला

सर्वांत आधी वन्यजीव संरक्षण कायद्याची भीती मनातून काढून टाका. १९७२ चा आहे, म्हणजे घरातल्या मोठ्या काकांच्या वयाचा, आणि काकांसारखाच दारात आलेल्यावर ओरडतो, परसदारी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. २०२२ मध्ये त्याची डागडुजी झाली, सहा अनुसूचींच्या, म्हणजे संरक्षित जिवांच्या वगैरे याद्यांच्या, चार झाल्या आणि सुधारित कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. तारखेवरून काही अर्थ काढू नका. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराची शिकार केलीत तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५,००० रुपये दंड. हे वाचून देवगड-राजापूरकडे जमीन बघायला निघालेल्या ज्यांनी गाडी परत फिरवली, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

कायदा नीट वाचा. तो जनावराला जपतो. जनावर जिथे राहतं ती जागा त्याच्या काळजीत येते ती अभयारण्याच्या हद्दीत. अधिवास नष्ट करायला मनाई करणारं कलम २९ तेवढ्यापुरतंच आहे. हद्द संपली की जागा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची. तेव्हा धोरण एकच ठेवा: हात जनावराला लावायचा नाही, त्याच्या पायाखालच्या जमिनीला लावायचा. हे ज्यांना कळलं ते प्लॉट विकतात. ज्यांना कळलं नाही ते फॉरेस्टच्या गाडीत बसतात.

न कळलेल्यांचे नमुने बघून घ्या, म्हणजे काय करू नये ते समजेल. खवले मांजर विकायला निघालेला तरुण. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की खवल्यांना सोन्याचा भाव आहे. ती खवलं केराटिनची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नखांत जे आहे तेच. नखं कापून विकली असती तर गुन्हाही झाला नसता. खवले मांजराचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ च्या ठरावाने बंद झाला, मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, दिवसभर बिळात झोपून रात्री मुंग्या आणि वाळवी खाण्यापलीकडे त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. पण ते जाऊ द्या. मुद्दा असा, की हॉटेलबाहेर गाडीत बसलेलं जे गिऱ्हाईक फार घासाघीस न करता भाव मान्य करतं, ते गिऱ्हाईक नसतं. देवमाशाची उलटी विकणाऱ्यांनाही हेच गिऱ्हाईक भेटतं. त्यातल्या काहींच्या पिशवीत तर मेणच निघतं.

त्याहून भाबडी मंडळी घरात बसून गुन्हा करतात. दारावर काचेच्या चौकटीत काळं जाळीदार झाड लावलंय? बाधा होऊ नये म्हणून कुणीतरी दिलेलं ‘इंद्रजाल’? ते झाड नव्हे, समुद्रपंखा आहे. प्रवाळाचा भाऊबंद, प्राणीच, आणि पहिल्या अनुसूचीतला. तिजोरीत शेंदूर लावून लाल फडक्यात गुंडाळलेली ‘हत्थाजोडी’ आहे? दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून घेतलीत ना? दर दिवाळीला हळदकुंकू वाहता, मुलाबाळांना नमस्कार करायला लावता, ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. लक्ष्मी त्याने येते की नाही हे लक्ष्मीच जाणे, वनरक्षक मात्र नक्की येऊ शकतो. पडवीतल्या पिंजऱ्यात मिठूमिठू करणारा पोपटही कायद्याच्या दृष्टीने कैदीच आहे, फक्त गजाआड चुकीचा प्राणी आहे.

फासकीवाल्यांना तर मी हातच जोडतो. काजूच्या बागेला क्लचवायरची फासकी लावायची आणि सकाळी त्यात बिबट्या लोंबकळताना दिसला की सांगायचं, ‘ती डुकरासाठी होती ओ.’ फास लावणं हीच कायद्याने शिकार, डुक्कर काय आणि बिबट्या काय. अर्थात डुकरांनी ज्याचं भात लोळवलं आणि माकडांनी ज्याचे नारळ शहाळ्यातच संपवले, त्याची थट्टा करायची आपली छाती नाही. त्याचं गाऱ्हाणं खरं आहे, आणि भरपाईच्या अर्जासोबत जोडायची कागदपत्रं पाहता त्याला डुकराशी बोलणं सोपं वाटत असणार. पण नेमका तोच पकडला जातो. रात्री फास लावणारा, घोरपड पिशवीत घालून नेणारा, पायात चप्पल नसलेला. तुम्ही आपले दिवसाउजेडी, परवाना खिशात ठेवून, यंत्र घेऊन जा.

आता कातळ. ही खरी संधी.

सातबाऱ्यावर कातळ बहुतेक ‘पोटखराबा’त असतो. सरकारनेच आधी खराब ठरवलेली वस्तू तुम्ही आणखी काय खराब करणार? दलालासोबत मे महिन्यात जा. काळाठिक्कर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, वणव्याने जळलेलं गवत, पाऊल ठेवलं तर चपलेचा तळ वितळेल. वाटेत भेटलेली म्हातारी सांगेल, ‘हय काय्येक नाय ओ, नुसतो कातळ.’ तिचं म्हणणं व्हिडिओत घ्या. पर्यावरणाच्या पाहणीचा विषय निघाला तर तीही मे महिन्यातच उरकून घ्या. तज्ज्ञ बिचारा छत्री धरून उभा राहील, चहूकडे बघेल आणि ‘वनस्पती आच्छादन नगण्य’ असं लिहील. प्रामाणिकपणे लिहील, हे विशेष. ऑगस्टमध्ये पाहणी ठेवलीत तर मेलात. तेव्हा त्याच कातळावर पाय ठेवायला जागा नसते. डबक्यांच्या कडेने गेंदाची पांढरी फुलं, त्यांच्यामध्ये निळीजांभळी सीतेची आसवं, जी दिसायला नाजूक आणि मुळाशी किडे पकडून खाणारी. बोटभर मातीत संसार उरकणारी ही मंडळी चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि तुमच्या मे महिन्यासाठी सडा मोकळा करून देतात. इतके सोयीचे भाडेकरू मुंबईत मिळणार नाहीत.

पहिल्या पावसात उगवणारी दीपकाडी तर कोकणपट्टीच्या कातळाबाहेर जगात सापडत नाही म्हणतात. म्हणू द्यात. संकटग्रस्तांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत एखाद्या रोपाचं नाव असणं म्हणजे कायदा नव्हे. ती यादी वाचून हळहळायचं असतं. कायद्यात वनस्पतींचं वेगळं प्रकरण १९९१ साली आलं, आणि तेव्हा सहा नावं घातली: बेडोमचा सायकॅड, निळा वांडा, लाल वांडा, कुठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. कुणी आंध्रचं, कुणी हिमालयातलं, कुणी मेघालयातलं. कोकणातलं एकही नाही. पुढे यादी वाढली, तरी उपटण्या-तोडण्यावरची बंदी वनजमिनीला आणि मुद्दाम अधिसूचित केलेल्या जागेलाच. तुमचा कातळ ना वन, ना अधिसूचित. तिथे सुरुंग लावा, चिऱ्याची खाण काढा, खड्डे मारून बाहेरची माती भरा आणि हापूसची कलमं लावा. कलमाचा फोटो काढून खाली ‘हरित कोकण’ लिहिलंत तर कुणी हरकत घेणार नाही, कारण हिरवं तर दिसतंच आहे.

किनाऱ्यावर जमीन असेल तर कासवांचा विषय निघेल. यात मात्र भावनेला वाव ठेवा, त्यातून धंदा होतो. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडलेची अंडी चोरीला जाण्यापासून वाचवली, घरट्यांना कुंपणं घातली, पिल्लं समुद्रात सोडली. पूर्वी जी अंडी खाल्ली जात, ती राखल्याने गावात पर्यटक आले. ही चांगली माणसं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही फक्त रिसॉर्टचे दिवे समुद्राकडे तोंड करून लावा. अंड्यातून निघालेलं पिल्लू रात्री जिकडे उजेड तिकडे चालतं. उजेड लाटांवर असायला हवा होता, तो तुमच्या बार्बेक्यूवर आहे, यात तुमचा काय दोष? तुम्ही अंड्याला हात लावलेला नाही. शिवाय धूप होते म्हणून किनाऱ्यावर मोठ्या दगडांचा बंधारा मागून घ्या. मादी येईल, दगडांना डोकं आपटेल आणि परत जाईल. अंडीच घातली गेली नाहीत, तर अंडी नष्ट केल्याचा गुन्हा कसा नोंदवणार? पाहुण्यांसाठी कासव महोत्सवाचं पॅकेज चालू ठेवाच. कासवं शेजारच्या गावात दाखवा.

(मच्छीमारांना या हुशारीची गरज पडू नये म्हणून २०१८ पासून राज्यात एक बरी योजना आहे: जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कासव, डॉल्फिन, बहिरी (म्हणजे व्हेल शार्क) असे जीव यामुळे खरोखर सुटले आहेत. तुम्हाला यात काही मिळण्यासारखं नाही, पुढे चला.)

राहिली ग्रामपंचायत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावात काय उगवतं नि काय वावरतं त्याची वही, हवी. अनेक वर्षं ती कुणाला आठवली नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि न पाळणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाखांचा दंड ठेवला, आणि नोंदवह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेल्या वहीत काय असतं ते तुम्ही शाळेत जर्नल पूर्ण केलं असेल तर जाणताच. आपल्या गावाची वही एकदा मागून बघा. कातळाच्या पानावर ‘आंबा, काजू, फणस’ असेल तर निश्चिंत व्हा. एखाद्या चिकट मास्तरांनी पोरांना घेऊन खरोखर सडा फिरून ती लिहिली असेल, गेंदाच्या चार जाती वेगळ्या नोंदल्या असतील, तर मात्र समितीवर आपला माणूस घ्या. समितीत नेमकं कोण आहे हे खुद्द समितीतल्या लोकांनाही आठवत नाही, त्यामुळे एक नाव वाढलं तर कळणार नाही.

इतकं करूनही कुणी तक्रार केलीच, तर उत्तर सोपं आहे. तक्रारदार बाहेरचा असेल तर विचारा, ‘तुमका काय ठाऊक कोकणाचा?’ गावातला असेल तर विचारा, ‘तुका कोणी पैसे दिले?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर लागत नाही. मग ५ जून येईल, पर्यावरण दिन. त्या दिवशी साहेबांना बोलवा, फित बांधा आणि फोडलेल्या कातळावर वृक्षारोपण ठेवा. गुलमोहर चालेल, लवकर वाढतो. कातळात खड्डे हाताने होत नाहीत, त्यासाठी तोच जेसीबी लागेल. ऑपरेटरला ठिकाण माहीत असतं, रस्ता सांगावा लागत नाही. फक्त भाडं आधी ठरवून ठेवा, पाऊस तोंडावर आला की ते तासाला वाढवतात.