संध्याकाळी सहाला जाऊन बघा
वृद्धाश्रम कसा निवडावा यावरच्या तुमच्या लेखात खोली, जेवण आणि महिन्याचा खर्च कसा बघावा हे छान सांगितलंय. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसासाठी जागा बघायची तर कृपया संध्याकाळी जा. ऊन उतरलं की या आजारात अनेकांची घालमेल वाढते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. आत्यासाठी नाशिकला गंगापूर रोडकडची एक जागा आम्ही सकाळी ११ ला पाहिली, फार आवडली. ६ ला न सांगता गेलो तर १७ जणांमागे एकच मावशी, आणि दाराशी उभ्या आजींवर ती खेकसत होती. तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या ठिकाणी आत्याने 'रामकुंडावर जायचंय' असा धोशा लावला. तिथल्या ताई म्हणाल्या, 'जाऊ की, आधी वाती वळून घेऊ.' कापूस पुढे केला. आत्या अर्धा तास शांतपणे वाती वळत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री किती माणसं असतात, झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून देतात, आजार वाढला तर ठेवतात की 'घेऊन जा' म्हणतात, हे विचारा आणि लेखी घ्या. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या सरकारी हेल्पलाइनवर वृद्धाश्रमांची माहिती मिळते.