आधी झाडं आपोआप मरायची

आमच्या घरात झाडं आधीही मरायची, पण आपोआप मरायची. कुंडी आणली, आठ दिवस कौतुक झालं, पंधराव्या दिवशी पानं पिवळी आणि महिन्याभरात काटकी. मग कारणं शोधायची. ऊन फार, ऊन कमी, माती हलकी, नर्सरीवाल्यानं रोगट रोप गळ्यात मारलं. यातलं काहीच लागू पडलं नाही तर शेवटी 'माझ्या हाताला गुणच नाही' असं म्हणून तोच हात झटकून टाकायचा. हाताला गुण नसणं ही फार सोयीची गोष्ट आहे. गुण जन्मजात असतो म्हणतात. तो नसला तर त्यात माणसाचा काय दोष?

माझी ही सोय बायकोला बघवली नाही. सार्वजनिक उद्यानात ऋतूनुसार बागकामाच्या आणि निसर्ग ओळखीच्या कार्यशाळा भरतात, असा तिला शोध लागला आणि तिनं माझं नाव घालून टाकलं. एका ऋतूसाठी नव्हे, वर्षभरासाठी.

"अगं, मग तुझंही घालायचंस की."

"माझी झाडं जगतात," ती म्हणाली.

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तिच्या तीन कुंड्या गेली सहा वर्षं ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर उभं राहायचीसुद्धा मला परवानगी नाही.

पहिली कार्यशाळा पावसाळ्याच्या तोंडाशी होती. उद्यानाच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये मातीचा ढीग. माणसं कुठल्याही शिबिरात असतात तशीच. बायकोनं नवऱ्याला आणलेलं होतं, आईनं मुलाला आणलेलं होतं, आणि पहिल्या रांगेत एक सेवानिवृत्त गृहस्थ होते, त्यांना कुणीही आणलेलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी ते हात वर करून म्हणायचे, "प्रश्न असा नाही, पण..." आणि खरंच त्यात प्रश्न नसायचा. माझ्या शेजारी आजीबरोबर आलेला आठ वर्षांचा एक मुलगा होता. या मुलाबद्दल मला पुढे बरंच सहन करावं लागणार होतं, पण त्या दिवशी तो फक्त नाकात बोट घालून बसला होता.

शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातच विचित्र केली. "कुणाकुणाची झाडं मेलीत? हात वर करा."

सगळे हात वर.

"कशानं मेली?" त्यांनी नेमकं माझ्याकडे बघून विचारलं.

"आपोआप," मी म्हणालो.

"काका," त्या म्हणाल्या (माझं वय त्यांच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी जास्त असेल), "झाड आपोआप मरत नाही."

एवढं बोलून त्यांनी एक मान टाकलेलं रोप टेबलावर ठेवलं. पानं लोंबत होती. याला काय हवंय, त्यांनी विचारलं. तीस खुर्च्यांतून एकच आवाज निघाला: "पाणी!" मॅडमनी कुंडी उपडी केली, दोन थापट्या मारल्या आणि मातीचा गोळा बाहेर काढला. मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास असा की पहिली रांग आपोआप दुसरी झाली. मुळांनाही श्वास लागतो, त्या सांगू लागल्या. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेवर मुळं जगतात. आपण सारखं पाणी ओतलं की त्या पोकळ्या भरून जातात, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं राहूनही झाड तहानल्यासारखं सुकतं. ते सुकलेलं बघून आपण काय करतो?

मी काय करतो ते मला माहीत होतं. डोळ्यांसमोर एकेक करून सगळे यायला लागले. बाल्कनीतला मोगरा, दिवाणखान्यातला मनीप्लँट, कुणीतरी भेट दिलेलं ते लाल पानांचं काहीतरी. तो मनीप्लँट बिचारा बुडत होता आणि मी काठावर उभा राहून ओरडत होतो, "घे बाबा, अजून घे!" मनीप्लँटची नुसती फांदी पाण्याच्या बाटलीत वर्षानुवर्षं जगते. तोसुद्धा मी मातीत बुडवून दाखवला होता.

त्या दिवसापर्यंत मी दुखवट्यातला माणूस होतो. शेडमधून बाहेर पडलो तो आरोपी म्हणून.

(कुंडीच्या तळाशी खडे घातले की पाणी नीट निचरतं, ही समजूतही त्याच दिवशी गेली. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या भरड खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पार भिजेपर्यंत ते तिथंच तटून राहतं. म्हणजे चिखल खड्यांच्या वर, मुळांच्या अगदी गळ्याशी येतो. पहिल्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, "प्रश्न असा नाही, पण आम्ही चाळीस वर्षं खडे घालतोय." मॅडमनी विचारलं, "आणि झाडं?" गृहस्थ खाली बसले. मला फार बरं वाटलं.)

घरी करायला म्हणून प्रत्येकाला घेवड्याच्या दहा बिया मिळाल्या. नियम सोपा होता. बी जेवढं जाड, त्याच्या दोन-तीन पट खोल पेरायचं, माती ओलसर ठेवायची आणि वाट बघायची. पहिल्या दोन गोष्टी मी बिनचूक केल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राहवलं नाही म्हणून खुरप्याच्या टोकानं एक बी उकरून पाहिलं. फुगलं होतं. परत पुरलं. चौथ्या दिवशी दुसरं उकरलं, त्याला पांढरं टोक आलं होतं. बायकोला हाक मारून दाखवलं, परत पुरलं. पाचव्या दिवशी सगळ्यांचीच हजेरी घेतली. दहा दिवसांनी आठ वर्षांच्या त्या मुलानं दहापैकी दहा रोपं आणली, दोन-दोन पानांची. माझी कुंडी रिकामी. बियाणं खराब असावं, असं मी म्हणणार होतो. मॅडमनी माझ्या कुंडीतली माती बोटानं हलवली आणि शांतपणे विचारलं, "किती वेळा उकरलंत?"

बीमधून आधी मूळ बाहेर येतं. त्यावरचे केसासारखे बारीक तंतू पाणी ओढतात, आणि उचकटलं की ते तुटतात. झाडांच्या मुळावर उठणं हा वाक्प्रचार मी इतका शब्दशः पाळेन असं मलाही वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता गांडूळखताची कार्यशाळा झाली. गांडूळ हातात घ्यायचं होतं. मी घेतलं. त्याबद्दल अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही. मात्र त्या दिवशी मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मी आता भेटेल त्याला ऐकवतो. चार्ल्स डार्विननं म्हातारपणी, म्हणजे १८८१ साली, गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं आणि दुसऱ्या वर्षी तो गेला. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला त्यानं त्यांच्याजवळ शिट्टी फुंकली, मुलाला बसून वाजवायला लावलं (बसून हे वाद्याचं नाव, वाजवणाऱ्याची बैठक नव्हे), पियानोही जोरजोरात वाजवला गेला. गांडुळं ढिम्म. मग त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला, तशी ती झटकन बिळात पळाली. त्यांना कान नसतात, पण थरथर कळते. मला त्या घरातल्या माणसांचं वाईट वाटलं. बायकोला माझ्या घरातल्या माणसांचं वाटलं, कारण मी येताना झाकणाचा डबा भरून गांडुळं आणली होती.

गांडुळांना फुप्फुसं नसतात, ती ओल्या कातडीतून श्वास घेतात. म्हणून त्यांच्या डब्यात ओल हवी, असं सांगितलं होतं. पिळलेल्या स्पंजइतकी, असंही सांगितलं होतं. यातलं पहिलं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. रात्री मी झोपण्यापूर्वी मायेनं पाणी घातलं. सकाळी उठून पाहतो तर निम्मी मंडळी डबा सोडून न्हाणीघराच्या दिशेनं निघालेली. बायको टेबलावर पाय वर घेऊन बसली होती आणि तिथूनच मला विचारत होती, "अहो, यांनासुद्धा?" माझ्या प्रत्येक गुन्ह्यातलं हत्यार एकच निघत होतं. त्या दिवशी झारी जप्त झाली.

हिवाळ्यात निसर्ग फेरी होती, सकाळी साडेसहाला. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५१ साली फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. कुठलं फूल किती वाजता उमलतं आणि कधी मिटतं, त्यावरून वेळ ओळखायची. आमच्या गटात साडेसहाला उमलणारं कुणीच नव्हतं. सात वाजता फेरी सुरू झाली. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, अशी अट होती. पाचव्या मिनिटाला डाव्या बाजूनं फार गोड शीळ आली. सगळे थबकले. मॅडमनी मान वळवली, दुर्बिणी वर गेल्या. शीळ परत आली, तिसऱ्यांदा आली आणि मग एका बाईंनी पर्समध्ये हात घालून ती बंद केली. अकराव्या मिनिटाला मागून कुजबुज ऐकू आली, "प्रश्न असा नाही, पण..." पक्षी तेवढ्यात उडाले. त्या मुलानं मात्र पानाच्या आत नागमोडी पोखरत गेलेल्या अळीचा पांढरा माग दाखवला. एका टोकाला तो दोऱ्याएवढा बारीक होता आणि अळी खात-खात मोठी होईल तसा रुंद होत गेला होता. मी चाळीस वर्षं असली पानं बघतोय. मला तो रोग वाटायचा. ते एकाचं बालपण होतं.

आणि मग छाटणी.

छाटणीची कार्यशाळा मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात पाण्याचा संबंध नव्हता. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि खाली उतरत बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा कापला की त्या डोळ्यांना मोकळीक मिळते आणि झाड चहूबाजूंनी फुटतं. हे मला लगेच समजलं. साहेब रजेवर गेले की आमच्या कचेरीत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप घ्यायचा, सिकेटरचं, म्हणजे छाटणीच्या कात्रीचं, पातं पुसून घ्यायचं, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढायचं नाही. प्रत्येकाला जास्वंदीचं एकेक झुडूप वाटून दिलं होतं.

मी एक तृतीयांश काढलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. उरलेलं जरा एकांगी दिसत होतं, म्हणून त्यातलं एक तृतीयांश काढलं. आता दुसरी बाजू उंच वाटायला लागली. न्हाव्याकडे गेलेल्या प्रत्येक पुरुषाला हा अनुभव असेल. तिसरं एक तृतीयांश काढत असताना मॅडमनी मागून येऊन, लहान मुलाच्या हातून चाकू घेतात तसा, अलगद सिकेटर काढून घेतला. शेजारच्या मुलाचं झुडूप नीटनेटकं, गोल उभं होतं. तो माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता. मला शिकवणाऱ्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

जमिनीवर माझ्या छाटलेल्या फांद्यांचा भारा पडला होता. त्यातली एक सरळशी, बोटभर जाडीची काठी मी घरी आणली. झेंडूची रोपं तयार करत होतो, त्या कुंडीत ती खोचली आणि वर पुठ्ठ्याची पाटी बांधली: 'झेंडू'. आठवड्याभरात झेंडू गेला. सगळी रोपं मातीच्या रेषेपाशी बारीक होऊन आडवी झाली. पूर्वी मी म्हणालो असतो, गेली बिचारी. आता मला त्याचं नाव माहीत आहे: रोपमर. बुरशीनं होते, आणि ओल जास्त व हवा कमी असली की बुरशीचं फावतं. झारी जप्त होती, पण तांब्या होता.

कुंडी तशीच कोपऱ्यात सरकवून ठेवली. लाज वाटत होती म्हणून तिकडे फिरकलो नाही, की पाणीही घातलं नाही. कधीतरी बायकोनं भांडं घातलं असेल तेवढंच. तीन आठवड्यांनी ती बाल्कनीतून आत आली आणि म्हणाली, "अहो, झेंडूला अशी पानं असतात?"

काठीला पालवी फुटली होती. दोन डोळ्यांवर चार पानं, चकचकीत हिरवी, कडेला दाते. वर पाटी तशीच: 'झेंडू'.

मी त्याचा फोटो घेऊन मॅडमकडे धावलो. त्यांनी बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "काका, एवढ्यात पेढ्यांचं बघू नका." छाट कलमाच्या काडीत अन्न साठवलेलं असतं, त्याच्या जोरावर आधी पानं फुटू शकतात. खाली मुळं धरली असतील किंवा नसतील. धरली नसतील तर साठा संपला की पानं माना टाकतात. ते कळायला वेळ लागतो.

"मग बघायचं कसं?" मी विचारलं.

"बघायचं नाही," त्या म्हणाल्या.

आज सोळावा दिवस आहे. पानं सहा झाली आहेत. खुरपं बायकोच्या कपाटात आहे आणि किल्ली तिनं कार्यशाळेतल्या माझ्या शेजारच्या त्या मुलाच्या आजीकडे ठेवली आहे.