‘त्यात काय एवढं!’ म्हणून पेटंट नाकारलं? अपील असं करा

तुमची युक्ती त्या क्षेत्रातल्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचली असती, असं म्हणून कंट्रोलरने, म्हणजे पेटंट ऑफिसातल्या निर्णय देणाऱ्या साहेबाने, पेटंटचा अर्ज फेटाळला? अपील ठोकाच. पेटंट कायद्याचं कलम ११७-अ तीन महिने देतं. पहिले अडीच त्याला शिव्या घालण्यात घालवा, मग वकील शोधा. नकार मुंबईतल्या, अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसातून आला असेल तर मुंबई उच्च न्यायालयात जायचं. जुनं अपील मंडळ २०२१ मध्येच गुंडाळलं, पण तुमच्या माहितीतल्या एखाद्या काकांना हे कळलेलं नसेल. सल्ला त्यांचाच घ्या.

अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने पुढे केलेले जुन्या शोधांचे कागद, डी-वन आणि डी-टू, चुकूनही वाचू नका. समजा, डी-वनमधली कडी डी-टूमधल्या स्प्रिंगला कोणी आणि कशासाठी जोडली असती, खरं भांडण तेवढंच. पण ते भांडायचं तर क्लेमचा, म्हणजे अर्जात नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या मजकुराचा, शब्दन्‌शब्द तपासावा लागतो! त्यापेक्षा रात्र रात्र जागून शोध लावल्याचं पानभर वर्णन करा. कायदा घाम मोजत नाही, पण तुमचं मन तरी मोकळं होईल.

अर्जाच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय ना, ‘यात आणखी फेरफार करणं जाणकारांना सहज जमेल’? ते वाक्य कोर्टात मोठ्याने वाचा.

कंट्रोलरचा आदेश मात्र उघडू नका. २०२२ मध्ये अ‍ॅग्रिबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलंय की जुनं काय होतं, नवं काय आहे आणि जुन्यावरून नवं कसं सुचलं असतं, हे तिन्ही आदेशात यायला हवं. बऱ्याच आदेशांत तिसरं नसतंच. तुमच्याही नसेल तर अपिलाचा सगळा जीव त्यातच. म्हणून तो मुद्दा चाळिसाव्या पानावर, तळटीपेत टाका.

मिर्झापूरच्या भांड्यांचा १९७८ चा खटलाही विसरा. लेथवर भांडं पक्कं धरायच्या युक्तीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने रद्दच ठरवलं: ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा, शोध नव्हे. समोरचा वकील हा खटला काढेलच. तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य असू द्या.

एवढं करूनही जिंकलात तर पेढे जरा थांबून वाटा. कोर्ट बरेचदा पेटंट देत नाही, प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवतं, शक्यतो दुसऱ्या कंट्रोलरकडे. पेटंटची २० वर्षं मात्र अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात. हिअरिंगची नवी तारीख कळवतीलच.