दर पावसाळ्यात फुटणारा कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लॅब्रेडोर कुत्र्याच्या, गोट्याच्या दर पावसाळ्यात फुटणाऱ्या कानांवर मी लिहिलं, त्यावर ‘एक जुना वाचक’ अशी सही करून एका गृहस्थांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईच्या पावसाळ्यात लॅब्रेडोरचा कान फुटणारच, त्यात एवढं काय, दर वेळी स्लाइड करायला, म्हणजे कानातला मळ काचेवर घेऊन तपासायला जाणं म्हणजे डॉक्टरांचं दुकान चालवणं, गावाकडे खोबरेल तेलात लसूण कढवून कानात घालतात आणि भागतं, रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे काय होतं, आणि अ‍ॅलर्जीच्या नावाखाली मुक्या जिवाचं चिकन तोडणं हा शुद्ध छळ. शेवटी जाता जाता एक ओळ: त्यांचा स्वतःचा कॉकर स्पॅनिएल हल्ली मान एका बाजूला कलती ठेवून चालतो, लाडात आलाय म्हणे.

भांडण नंतर करू. आधी तुमच्या कॉकरचं. कानाचा त्रास असलेला कुत्रा सतत मान कलती ठेवत असेल तर ते लाड नव्हेत. दुखणं कानाच्या पडद्यापलीकडे, मधल्या किंवा आतल्या कानात गेल्याची ती खूण असू शकते. तेल नको, लसूण नको, घरात उरलेले ड्रॉप्स तर अजिबात नकोत. पडदा फाटलेला असेल तर ड्रॉप्समधलं जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक आत उतरून कायमचा बहिरेपणा आणू शकतं. आज जमलं तर आज, नाहीतर उद्या सकाळी दाखवून घ्या. उरलेलं उत्तर परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

आता दुकानाबद्दल. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. आपल्याला वरून दिसतो तो फक्त पहिला टप्पा. त्यावर लॅबचा किंवा कॉकरचा लोंबता कान म्हणजे कायमचं झाकण, आणि त्यावर आपली जुलैची हवा, जिच्यात दोरीवरचा टॉवेलसुद्धा वाळत नाही. पण नुसत्या दमट हवेनं कान फुटत असता तर आमच्या सोसायटीतल्या सगळ्या लॅब्रेडोरांचे कान एकदमच फुटले असते. तसं होत नाही. हवा निमित्त होते, कारण वेगळं असतं.

स्लाइडचा एवढा राग आहे म्हणून ती कशी होते ते सांगते. डॉक्टर कापसाचा बोळा कानात फिरवतात, काचेवर घासतात, काच रंगात बुडवतात, धुतात, वाळवतात आणि मायक्रोस्कोपखाली धरतात. बसल्या जागी होतं सगळं. गोट्याच्या वेळी डॉक्टरांनी मलाही बघायला लावलं. जांभळ्या, मध्ये आवळलेल्या, भुईमुगाच्या शेंगेसारख्या पेशी, गर्दी करून. ती मॅलसेझिया नावाची यीस्ट. निरोगी कुत्र्याच्या कानातही ती थोडी असतेच, त्रास होतो तो ती माजली की. पुढच्या खेपेला कान तसाच लाल, वासही जवळपास तोच आंबूस, पण काचेवर शेंगा नावाला आणि गोल जिवाणूंचे घोस. म्हणजे तुम्ही म्हणता तसे “तेच थेंब पुन्हा” घातले असते तर नेम चुकला असता. कधी काचेवर काठीसारखे लांबट जिवाणू दिसतात, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलतो. त्यात स्यूडोमोनास असू शकतो, तो बऱ्याच औषधांना दाद देत नाही आणि मग कल्चर, म्हणजे ते जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते तपासणं, करावं लागतं.

“औषध घातलं की दोन दिवसांत बरा होतो” हेही तुम्ही लिहिलंत. होतो ना! कानाच्या बहुतेक ड्रॉप्समध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध आणि स्टेरॉइड. दोन दिवसांत सूज आणि खाज उतरवतं ते मुख्यतः स्टेरॉइड. कुत्रा डोकं झटकायचा थांबतो, आपण बाटली फ्रिजच्या दारात ठेवून देतो, आणि खाली वळणावर उरलेलं लष्कर पुन्हा जमवाजमव करतं. असं वर्षानुवर्षं चाललं की नळीची कातडी जाड होते, वाट अरुंद होते, औषध आत पोचतच नाही. अगदी टोकाला गेलं तर पूर्ण नळीच ऑपरेशननं काढावी लागते. म्हणून औषध कधी थांबवायचं हे कुत्र्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नसतं, दुसऱ्या स्लाइडवरून ठरवायचं असतं. तुम्ही दुकान म्हणता ते हे.

तुमचा राग अगदीच अनाठायी आहे असंही नाही. कानात दुर्बीण न घालता, टेबलावरूनच ड्रॉप्स लिहून देणारा दवाखाना मीही पाहिलाय. पण त्याचा इलाज तपासणी कमी करणं हा कसा होईल? खर्चाचाच प्रश्न असेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. रांगेत बसायची तयारी ठेवून सकाळी लवकर जा.

लसणाबद्दल दोनच वाक्यं. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या पोटात गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कान खाजवलेला पंजा कुत्रा चाटणारच. तेलानं मळ नळीत चिकटून बसतो आणि डॉक्टरांना पडदा दिसत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांचे कान बहुधा उभे किंवा अर्धे उभे, हवा खेळती. शिवाय त्यांच्यातलं दुखणं मोजतो कोण? आमच्या स्टेशनबाहेर खरजेनं केस गेलेली दोन कुत्री रोज दिसतात, त्यांच्या कानात कोणी डोकावून पाहिलेलं नाही.

राहता राहिलं चिकन. दोन्ही कान पुन्हा पुन्हा फुटतात, सोबत पंजे चाटणं आणि पोटाला खाज आहे, म्हटल्यावर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावाच लागतो. अन्नाची अ‍ॅलर्जी रक्त तपासून खात्रीनं कळत नाही. त्यासाठी किमान आठ आठवडे फक्त एकच ठरलेलं अन्न द्यायचं, आणि तेही कुत्र्यानं आयुष्यात न खाल्लेल्या प्रथिनाचं. आता आमच्या मालवणी घरात गोट्यानं काय खाल्लं नव्हतं ते शोधणंच मुश्कील! चिकन, मटण, अंडी, बांगडा, सोड्याची आमटीसुद्धा. शेवटी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं हायड्रोलाइज्ड अन्न आणलं, जे शरीराला सहसा ओळखू येत नाही. खरा छळ झाला तो माझा. खालचे वॉचमनकाका पार्ले-जी देतात, आई पोळीचा शेवटचा घास तूप लावून टेबलाखाली सरकवते, आणि एका बिस्किटानंसुद्धा निकाल बिघडू शकतो. काकांना डब्यात गोट्याच्याच अन्नाचे दाणे भरून दिले, हे द्या म्हटलं. आईशी मात्र आठवडाभर अबोला होता.

ठरलेली मुदत पाळूनही खाज तसूभर कमी झाली नाही. म्हणजे गुन्हेगार अन्न नव्हतं. उरली ती धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण यांची अ‍ॅलर्जी, अ‍ॅटोपी. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात डोकं वर काढते आणि सहसा बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते. गोट्याला खाजेची गोळी चालू आहे आणि आठवड्याला कान धुणं. गॅलरीत बसवून नळीभर क्लीनर ओतायचा, कानाच्या मुळाशी पचपच आवाज येईपर्यंत चोळायचं, त्याला मनसोक्त झटकू द्यायचं (जुने कपडे घाला), आणि वर आलेला मळ कापसानं पुसायचा. इअरबड नाही, त्यानं मळ आणखी खाली जातो. या पावसाळ्यात कान एकदा लाल झाला, स्लाइडवर यीस्ट सापडली, वेळेत आवरली.

आणि चिकन चालू आहे. चाचणी संपल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, पहिलं उकडलेलं तंगडीचं मांस आईनं स्वतः सोलून दिलं.