प्लॉट काय खायला मागतोय का?

परवा सात-आठ वर्षांनी आमचा प्लॉट बघायला गेलो. सोलापुरात विजापूर रोडवर, सैफुलच्या पुढे आत. दीड गुंठा. वडिलांनी १९९६ साली बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर घेतलेला. गेलो तर प्लॉटच सापडेना, सगळीकडे वेड्या बाभळी. शेवटी शेजारच्या तारेच्या कंपाउंडवरून अंदाज बांधला आणि बहुतेक हाच म्हणून उभा राहिलो. उभ्या उभ्या गल्ली मोजली. प्लॉट तेवीस, घरं सहा.

१९९२ च्या हद्दवाढीत सोलापूर साधारण ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ वर गेलं. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी सगळे शहरात आले. तीस वर्षं उलटून गेली तरी आपण त्याला 'हद्दवाढ भाग'च म्हणतो, जणू पाहुणाच आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती ९,५१,५५८. एवढ्या लोकांना पाचपट जागा मिळाली, पण त्या जागेचं आपण केलं काय? शेतकऱ्याने शेत गुंठ्यांनी विकलं, एजंटाने चुन्याच्या रेघा मारल्या, तीस फुटी रस्ता सांगितला तो प्रत्यक्षात बारा फुटी निघाला. मग २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ ला त्याची मुदत वाढली. कागद नियमित करायची सोय झाली. रस्ता बाराच फुटी राहिला.

विकास आराखड्याच्या नकाशावर हा सगळा भाग पिवळा, म्हणजे राहण्यासाठी. खरा वापर बघाल तर तो आहे भाव वाढायची वाट बघण्यासाठी. आणि ह्याची किंमत कोण देतो? त्या सहा घरांतले लोक. उजनीहून शंभरावर किलोमीटर आलेलं पाणी सतरा रिकामे प्लॉट ओलांडून त्यांच्या नळाला येतं, तेही चार-पाच दिवसांनी. ड्रेनेज, दिवे, घंटागाडी, सगळ्याचं तेच.

माझं लहानपण पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत गेलं. अशोक चौकाच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. खाली मालकाचे चार माग, वर मालक, मागच्या बाजूला आम्ही. मालकीणबाई सुताच्या कांड्या भरायच्या, समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी विड्या वळत बसायच्या, कोपऱ्यावर टॉवेल शिवणारा. नकाशावर ह्या घराला कुठला रंग द्यायचा? राहण्याचा पिवळा, कारखान्याचा जांभळा की दुकानाचा निळा? मला त्याचं कौतुक सांगायचं नाही. भाकरीच्या पिठात सुताचं तूस सापडायचं, आणि मालकांचा खोकला मला अजून ऐकू येतो. पण तीन गुंठ्यांत चार संसार आणि सात-आठ जणांचा रोजगार चालायचा. इंच न् इंच वापरात. सोलापुरात जागा कशी वापरावी हे ज्यांना कळलं, त्यांच्या वस्तीला आपण दाटीवाटीची म्हणतो आणि आमच्या बाभळीच्या रानाला विकसित भाग.

दुसरं टोक कुंभारी. आधी विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत, मग रे नगर. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते १५,००० घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार बाईला स्वतःचं पक्कं घर मिळालं, ह्याला नावं ठेवणारा मी कोण? कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी जन्म घातला. पण ती घरं शहराच्या हद्दीबाहेर, अक्कलकोट रोडला का गेली? हद्दीच्या आत आमच्यासारख्यांचे प्लॉट बाभळी वाढवत पडलेत म्हणूनच ना. तिथून सिव्हिलला यायचं तर अर्धी हजेरी मोडते.

माझं म्हणणं सरळ आहे. पुन्हा हद्दवाढीची भाषा नको. मोकळ्या प्लॉटचा कर दरवर्षी चढता ठेवा, बांधकाम केलं की उतरवा. जो प्लॉट रिकामा ठेवतो त्याने पाइपचे पैसे द्यावेत. कमेंटमध्ये शिव्या येणार माहिती आहे, कारण रिटायर माणसाची तीच एफडी असते, पोरीच्या लग्नाची सोय असते. आमच्याकडेही तेच होतं. बहिणीचं लग्न २०११ ला झालं, कर्ज काढून. प्लॉट तेव्हाही विकला नाही. रात्री आईकडे विषय काढला तर म्हणाली, "राहू दे की. प्लॉट काय खायला मागतोय का?"

बाभळी काढायला जेसीबीवाल्याला फोन केला. त्याने प्लॉट नंबर विचारला. बाँड काढून बघितला तर खाडाखोड आहे, १४ पण वाचता येतं आणि १७ पण.