नहेम्या, ओळंबा आणि आमचे हे

परदेशात जाऊन अनाथाश्रम बांधायची बुद्धी आमच्या ह्यांना झाली ती रविवारी, भर उपासनेत. घरी झाली असती तर चहाबरोबर तिची वासलात लावता आली असती. पण पाळकसाहेब बायबलमधल्या नहेम्यावर बोलत होते. यरुशलेमेची पडकी भिंत त्याने ५२ दिवसांत उभी केली हे ऐकलं आणि शेजारी बसलेले हे एकदम ताठ झाले. आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेला माणूस. घरात खिळा ठोकायचा झाला तरी आम्ही शेजारच्यांना हाक मारतो. पण शेवटचं गीत व्हायच्या आत ह्यांनी उभं राहून "आम्ही सहकुटुंब जातो" अशी साक्ष देऊन टाकली. मंडळींनी दणदणीत आमेन म्हटलं. कुटुंबाला विचारायचं राहिलं ते राहूनच गेलं.

आमच्या चर्चच्या मंडळीची ओळख युगांडातल्या एका आश्रमाशी होती, म्हणून युगांडा. पिवळ्या तापाची लस टोचल्याचं कार्ड असल्याशिवाय तिथे प्रवेश नाही, आणि टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय ते कार्ड चालत नाही. २०१६ पासून मात्र एकदा टोचलं की जन्मभराची निश्चिंती. आमचा चिरंजीव सहा फूट उंच, व्यायामशाळेत जातो. सुई बघितली आणि आडवा झाला. परिचारिकेने त्याचे पाय खुर्चीवर ठेवले आणि मला विचारलं, "बांधकामाला हाच जाणार का?"

मग सामान. महिला मंडळाने लोकरीचे स्वेटर विणून दोन बॅगा गच्च भरल्या होत्या. "अहो, विषुववृत्त जातं त्या देशातून!" हे कळवळून सांगत होते. बायकांनी ऐकून घेतलं आणि वर कानटोप्या कोंबल्या. वजनाची मर्यादा ठरलेली, त्यात ह्यांची खास खरेदी: नवीकोरी थापी, हातमोजे आणि पितळी ओळंबा. ओळंबा ह्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्याने ते टोकदार, जडशीळ प्रकरण दोन बोटांत धरून "हे काय?" म्हटलं, तेव्हा गवंड्याचं हत्यार म्हणायचं सोडून ह्यांनी बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याला दिसलेल्या ओळंब्याचा दृष्टांत सुरू केला. मागची रांग वाढत गेली. शेवटी मुलीने पुढे होऊन "वजन आहे, भिंत सरळ बघायचं" असं सांगितलं आणि ते सामानात टाकायला परत धावली. आमच्या घरात शब्द वाया न घालवणारी तेवढी एकच.

युगांडात एन्टेबेच्या विमानतळावर उतरल्यावर आम्ही लखपती झालो. शंभर डॉलरला साडेतीन लाखांच्या आसपास शिलिंग मिळतात. पण तिथे चांगला भाव शंभराच्या नव्या, कडक नोटेला. लहान किंवा चुरगळलेली नोट दिली की भाव खाली. आणि आमच्या मंडळींनी प्रेमाने जमवलेलं अर्पण सगळं दहा-वीस डॉलरच्या नोटांत, घड्या घालून घालून मऊ झालेलं. ह्यांनी काउंटरवरच्या तरुणाला होतं ते सगळं अर्पण करणाऱ्या गरीब विधवेच्या दमडीचा बायबलमधला दाखला ऐकवला. त्याने मनापासून आमेन म्हटलं आणि भाव तोच ठेवला.

राजधानी कम्पाला समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, आश्रमही त्याच पट्ट्यात. पहिल्या सकाळी मी कुडकुडत बाहेर आले तर शाळेला निघालेली पोरं गणवेशावर स्वेटर चढवून उभी. ज्यांना नव्हते त्यांनी आमच्या बॅगा दुपारपर्यंत रिकाम्या केल्या. कानटोप्यांवरून तर भांडणं झाली. थापीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

बांधकामावरचा मुकादम म्हणजे उंच, शांत माणूस. त्याने आम्हाला ओळीने उभं केलं आणि ह्यांचे तळहात उलटसुलट करून पाहिले, बाजारात बैल पाहावा तसे. मग बराच वेळ इमारतीकडे बघत राहिला. तिथे विटा हाताने पाडून जवळच भट्टी लावून भाजतात. एकीचं माप दुसरीला लागेल तर शपथ. तरी त्याचे गवंडी कुठे सिमेंटचा माल जाड, कुठे पातळ देत थर असा सरळ नेत होते की आमचा ओळंबा लाजून पिशवीत बसला. त्या भिंतीत आमचा हात लागू नये आणि आमचं मनही मोडू नये, या दोन्ही गोष्टी त्याला साधायच्या होत्या. परदेशी पाहुण्यांचा त्याला अनुभव असावा.

"सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्हाला," तो ह्यांना म्हणाला. "भिंतीला पाणी मारायचं."

काम खरंच महत्त्वाचं आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. त्यामुळे नवं बांधकाम निदान आठवडाभर ओलं ठेवावं लागतं, नाहीतर कच्चं राहतं. हे त्याने इतक्या गांभीर्याने सांगितलं की ह्यांची छाती भरून आली. पण पाणी हापशावर, हापसा उताराखाली, आणि पाणी आणायचे ते वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन. मूळचे खाद्यतेलाचे, आता सगळ्या देशाचं पाणी त्यांतून हलतं. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी भरलेला कॅन डोक्यावर ठेवून, दोन्ही हात मोकळे सोडून, वहीत बघत पाढे म्हणत चढण चढली. तिच्यामागून हे. कॅन दोन्ही हातांनी पोटाशी, झाकण बसवायचं राहिलेलं, दर पावलाला एक भक्कन आवाज. वर पोहोचेपर्यंत अर्धं पाणी बुटात. भिंतीचं माहीत नाही, बुटांना पाणी उत्तम बसलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनीच ठरवून टाकलं. दोघं हापसायचे, तिघं पाणी आणायचे, एक जण ह्यांच्या हातात भरलेला मग द्यायचा, आणि हे भिंतीवर शिंपडायचे. मदतीला आलेल्या माणसाला मदत करायला सहा माणसं! ह्यांनाही ते कळलं असावं, कारण संध्याकाळी गप्प होते. तेव्हा मुकादम येऊन बसला. रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा माणूस तो. नहेम्याच्या भिंतीवर सोनारही होते आणि अत्तरवालेही, त्यांनी काय विटा रचल्या असतील, असं म्हणाला. तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र कामाला खांदा लावला नाही, त्यांचं तेवढंच नाव राहिलं. ह्यांनी त्या रात्री दोन वेळा जेवण वाढून घेतलं. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर उसळीसारखे शिजवलेले घेवड्याचे दाणे. पोटात बसलं की उठत नाही.

रविवारची उपासना तीन तासांची. पाहुण्यांनी उभं राहून सर्वांना सलाम सांगायचा असतो, आणि ह्यांचा सलाम म्हणजे पाऊण तास. शेवटी लिलाव. ज्यांच्याकडे रोख नसते ते अर्पणात अंडी, मटोकेची केळी, कोंबडं असं आणतात आणि ते तिथेच बोली लावून विकतात. एका तांबड्या कोंबड्यावरून ह्यांची आणि गावच्या मास्तरांची जुंपली. मास्तर शिलिंगात विचार करत होते, हे लखपती होते. कोंबडं आमचं झालं. त्याचे पाय बांधून ह्यांच्या मांडीवर दिलं, आणि आशीर्वादाच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटून असताना ते आरवलं. कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण येऊन मला हसू आवरेना.

आश्रमाच्या संचालिका मोठ्या सडेतोड बाई. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हा त्यांचा पहिला नियम. त्यामुळे मंडळीला दाखवायला ह्यांच्याकडे नुसत्या भिंती. ओली भिंत, जास्त ओली भिंत. नवी इमारत मुलांच्या झोपायच्या खोल्यांसाठी, असं सांगून आम्ही अर्पण जमवलं होतं. बाई म्हणाल्या, तिथे आता वर्ग आणि शिवणवर्ग. बहुतेक मुलांना कुणीतरी आहे, आजी, मावशी, कधी आईसुद्धा. फी आणि जेवण परवडत नाही म्हणून ती इथे. मूल शक्यतो घरातच वाढावं, संस्था हा शेवटचा उपाय, असं संयुक्त राष्ट्रांनीही २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. मग खाटा वाढवायच्या कशाला? आजीला हातभार लावला तर पोरगं रात्री घरी झोपेल. मला पटलं. "पण आपण मंडळींना अनाथाश्रम सांगितलंय," हे कुजबुजले. तेवढ्यात हापशावरची ती पाढेवाली आली आणि आजीने जेवायला बोलावलंय म्हणाली. अनाथाच्या घरी जेवायला जायची ह्यांची पहिलीच वेळ. आजीने कोंबडी केली होती. आमचं तांबडं कोंबडं त्या दिवसापासून आमच्या मुलीच्या ताब्यात, गोदामात.

गोदामाचं सांगायचं राहिलं. मुलीने पहिल्याच दिवशी पाहिलं की सिमेंटची पोती उघड्या जमिनीवर रचली आहेत. तिने फळ्या टाकून ती वर घेतली आणि किती आली, किती गेली याची वही घातली. खालच्या थरातली चार पोती ओल लागून दगड झालेली निघाली. मुकादम दर सकाळी आधी तिच्याकडे जाऊन मग कामाला लागे. चिरंजीव तोवर गावच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक झाला होता. विटांपेक्षा चेंडू त्याला चांगला झेलता येतो.

निघताना पुढच्या वर्षी काय पाठवावं, असं ह्यांनी भरल्या गळ्याने विचारलं. मुकादमाने कागद दिला. छपराचे पत्रे, खिळे, दोन शिलाई मशिनं, जमतील तेवढे स्वेटर. सगळ्यात खाली आमच्या मुलीचं नाव, अधोरेखित. ह्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.