मेक्सिकन मुलांना ‘इंग्रजी कच्चं म्हणून’ वेगळं बसवलं नव्हतं

ह्यूस्टनमधल्या माझ्या भाचीला एका फॉरवर्डने गोंधळात टाकलंय. मेसेज म्हणतो: अमेरिकेच्या सरकारी शाळांत मेक्सिकन मुलांशी भेदभाव झालाच नाही. कायद्यात त्यांचं नाव नव्हतं, वेगळे वर्ग इंग्रजी कच्चं म्हणून होते, पालकांची तक्रार नव्हती आणि १९५४च्या ब्राउन निकालानंतर (वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) सगळं संपलं. आमच्या घरच्या ग्रुपवर यावर अंगठे पडलेत, म्हणून लिहिणं भाग आहे.

कायद्याचं अर्धं खरं आहे, मान्य. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वेगळ्या शाळांसाठी आदिवासी, चिनी, जपानी मुलांचा उल्लेख होता, मेक्सिकनांचा नव्हता. मग कायद्याचा आधार नसतानाही त्यांना वेगळं काढलं, हे जास्त वाईट नाही का?

आता भाषेचं. हे सगळ्यात संतापजनक, कारण ऐकायला ते मुलांच्या भल्याचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये सिल्विया मेंडेझ ही मेक्सिकन वंशाची मुलगी आणि तिचे भाऊ आत्याबरोबर शाळेत नाव घालायला गेले. आत्याची गोरी, फ्रेंच वाटणाऱ्या आडनावाची मुलं चालली. सावळे मेंडेझ चालले नाहीत, त्यांना मेक्सिकन शाळेत जायला सांगितलं. या भावंडांना इंग्रजी येत होतं. कुठली भाषाचाचणी झाली इथे? १९४५ला यावरून मेंडेझ खटला उभा राहिला, तेव्हा शेजारच्या गार्डन ग्रोव्हचे शिक्षणाधिकारी जेम्स केंट यांनी साक्षीत सांगितलं की मेक्सिकन मुलं स्वच्छतेत आणि कुवतीत कमी असतात. भाषेचा पडदा त्यांनी स्वतःच फाडला. १८ फेब्रुवारी १९४६च्या निकालात न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी नोंदवलं की वेगळं ठेवल्यामुळे मुलांच्या कानांवर इंग्रजी कमी पडतं आणि ती मागे राहतात. म्हणजे ज्याला उपाय म्हणतात तेच कारण होतं. अंगठा देण्याआधी हा निकाल वाचा.

टेक्सासमध्ये ड्रिस्कॉल गावात तर मेक्सिकन मुलांना पहिलीतच तीन-तीन वर्षं काढायला लावत. स्पॅनिश अजिबात न येणाऱ्या एका मुलीलाही मेक्सिकन मुलांच्या तुकडीत टाकलं होतं. वकील मध्ये पडल्यावर तिला हलवलं. १९५७मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली.

पालकांची तक्रार नव्हती? मेंडेझ खटला पाच वडिलांनी चार शालेय जिल्ह्यांविरुद्ध, सुमारे ५,००० मुलांच्या वतीने लढला. कॅलिफोर्नियातल्याच लेमन ग्रोव्हच्या पालकांनी तर १९३१मध्येच नव्या वेगळ्या शाळेवर बहिष्कार टाकला, कोर्टात गेले आणि जिंकले.

राहिलं १९५४. १९७०मध्ये ह्यूस्टनने मेक्सिकन मुलांना कागदावर ‘गोरे’ धरलं, त्यांना काळ्या मुलांच्या शाळांशी जोडलं आणि एकत्रीकरण झाल्याचं दाखवलं. खऱ्या गोऱ्या वस्त्यांच्या शाळा तशाच राहिल्या. पालकांनी मुलं घरी ठेवली आणि स्वतःच्या संपशाळा चालवल्या. वर्णभेदाच्या खटल्यांत हिस्पॅनिक (मेक्सिकनांसह स्पॅनिशभाषक मुळाच्या) मुलांनाही काळ्या मुलांसारखंच भेदभाव सोसलेला गट मानायला सर्वोच्च न्यायालयाला डेन्व्हरच्या केयेस खटल्यापर्यंत, म्हणजे १९७३पर्यंत वेळ लागला.